चिबडात बाजरी

के. नाथ सरांचं खरं नाव कानिफनाथ. ते त्यांना गावठी वाटायचं, म्हणून कार्डावर त्यांनी इंग्रजीत ‘के. नाथ’ छापून घेतलं होतं आणि खाली ‘मल्टिमीडिया डायरेक्टर’. त्याआधी दहा वर्षं ते लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी काढत. नवरा-नवरी बदामात बसून गरगर फिरत येतात आणि वरून गुलाब पडतात, हे नगरमध्ये पहिल्यांदा आपणच केलं, असं ते कोणालाही सांगत. मग मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यांनी बोट लावलं की चित्र बदलणारा पडदा पाहिला. सावेडीतल्या गाळ्यावरची शूटिंगची पाटी उतरली, नवी चढली, आणि पाटीवर लिहिलेलं काम कोणाला तरी यायला हवं म्हणून मला नोकरीवर घेतलं.

मी भारती भिंगारदिवे, मिरजगावची. नगरच्या तंत्रनिकेतनातून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, वर्गात दुसरी आले. मुलाखतीत सरांनी माझं आडनाव दोनदा उच्चारलं आणि म्हणाले, “बरं आहे. तुमच्यातल्या मुली हल्ली शिकतात.” हे कौतुक आहे, अशी त्यांची खरोखरच समजूत होती. मी “हो सर” म्हणाले. बावीस वर्षांची होते. नगरमध्ये प्रोग्रॅम लिहायचा पगार देणारी दुसरी जागा मला माहीत नव्हती.

अठ्ठ्याण्णव साल लागलं तेव्हा आमच्याकडे पहिलं मोठं काम आलं. सूर्यभानशेठ म्हणून एक बियाण्यांचे व्यापारी होते, स्वतःची छोटी कंपनी काढलेले. मे महिन्यात सोनईला तीन दिवसांचं कृषी प्रदर्शन भरणार होतं. तिथे त्यांच्या मांडवात बोट लावायचं मशीन ठेवायचं. शेतकऱ्याने आपली जमीन सांगायची, पाणी सांगायचं, हंगाम सांगायचा, आणि मशीनने त्याला योग्य बियाणं सुचवायचं. कल्पना सरांची नव्हती. माझी होती. सरांना बदाम फिरवायचा होता, फक्त नवरा-नवरीच्या जागी कणसं. मी म्हटलं, “सर, लोकांना काहीतरी विचारू या. नुसतं बघायला टीव्ही आहे की.” त्यावर सर दोन दिवस काही बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी शेठजींसमोर तीच कल्पना त्यांनी डोळे मिटून, हात हलवत सांगितली.

मी ते काम फार मनापासून केलं. आता त्याची लाज वाटते, पण केलं. चार वेळा एसटीने राहुरीला कृषी विद्यापीठात गेले, ग्रंथालयात बसून तक्ते उतरवले, तिथल्या एका प्राध्यापकांना भंडावून सोडलं. जमिनीचे मी आधी तीनच प्रकार धरले होते: हलकी, मध्यम, भारी. ते म्हणाले, “तुम्ही सोनईला नेणार ना? मग चिबड विसरू नका. उसाला पाणी देऊन देऊन तिकडे जमिनी चिबडल्यात.” चिबड म्हणजे पाणी मुरून दलदल झालेली, वर पांढरं मीठ फुटलेली जमीन. मी चौथं बटण घातलं. चार जमिनी, दोन पाणी, तीन हंगाम. चोवीस वाटा झाल्या आणि चोवीस उत्तरं. प्रत्येक उत्तर मी वहीत दोनदा तपासलं होतं.

मशीन सत्तारभाईंनी जोडलं. सत्तारभाई म्हणजे आमच्या शेजारच्या गाळ्यातले टीव्ही मेकॅनिक, पन्नाशीचे, कमी बोलणारे. सनमायका लावलेलं उभं कपाट, त्यात मॉनिटर, मॉनिटरच्या काचेवर मुंबईहून आणलेला बोटाचा पडदा, खाली कुलपाच्या खणात कीबोर्ड. पहिल्यांदा बोट लावलं आणि ‘हलकी’ हे बटण दबलं, तेव्हा सत्तारभाई म्हणाले, “चांगलं झालंय.” सर म्हणाले, “कपाटाला सोनेरी पट्टी मारा.”

एप्रिलच्या शेवटी शेठजी बघायला आले. त्यांनी बोट लावलं: भारी, बागायत, खरीप. उत्तर आलं: कपाशी. शेठजींनी सरांकडे पाहिलं.

“आपण कपाशी विकतो का?”

“नाही शेठजी,” सर म्हणाले, जणू कपाशी मी घरून आणली होती.

“मग?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, की भारी बागायती जमिनीला खरिपात कपाशी योग्य, आणि बाजरी हलक्या-मध्यम जमिनीला. शेठजी ऐकून घेणाऱ्यातले नव्हते, पण रागवणाऱ्यातलेही नव्हते. हसून म्हणाले, “पोरी, माझ्या गोडाऊनमध्ये सूर्या-अकरा पडलीय. गेल्या सालची. बाजरी. मला विद्यापीठ काढायचं नाही, बाजरी काढायचीय.”

ते गेल्यावर सर म्हणाले, “काहीही दाबलं तरी सूर्या-अकरा. कळलं?”

“सर, चोवीसपैकी पाचच ठिकाणी बाजरी बसते.”

“मग बसव की. प्रोग्रॅमर आहेस ना? वर एक-एक वाक्य बदल. हलक्या जमिनीसाठी खास सूर्या-अकरा. भारी जमिनीसाठी खास सूर्या-अकरा.”

“पण शेतकऱ्यांना कळेल.”

सर हसले. ते हसू मला अजून चांगलं आठवतं. “अगं, त्यांना बोट लावल्यावर रंग बदलला की पुरे. खेड्यातली माणसं आहेत ती.” आणि हे सांगणारा माणूस करंजीजवळच्या एका वाडीत जन्मला होता, त्याचा भाऊ तिथे अजून म्हशी राखत होता.

मी नोकरी तेव्हा सोडू शकले असते. कोणी कपाळाला पिस्तूल लावलं नव्हतं. पण मी जागेवर जाऊन बसले आणि ते लिहिलं. माझा तक्ता पुसवला नाही, म्हणून तो मी बाजूला ठेवला आणि त्याच्या आधी एकच ओळ घातली, की सगळ्या वाटा बाजरीकडे वळव. त्या ओळीला मला अर्धं मिनिट लागलं. चोवीस वाक्यं लिहायला मात्र पूर्ण दिवस गेला. ‘चिबड जमिनीसाठी खास’ हे टाइप करताना मी मनातल्या मनात सरांना इतक्या शिव्या दिल्या, की आपण काहीतरी केलं असं मला वाटलं. शिव्या मनात देणारा माणूस आणि सर यांत फार फरक नसतो, हे मला कळायला अजून तीन आठवडे होते.

सोनईचं प्रदर्शन मे महिन्याच्या मध्यावर होतं. मांडवात पत्र्यासारखं ऊन तापत होतं. जनरेटर मागे धडधडत होता आणि सत्तारभाई स्टॅबिलायझरवर हात ठेवून, तापलेल्या लेकराजवळ बसावं तसे बसून होते. सर क्रीम रंगाचा सफारी घालून आले होते. मशीनकडे पाठ आणि वाटेकडे तोंड करून ते उभे राहिले, कारण वाटेने पुढारी येत होते.

पहिला तास बरा गेला. लोक लांबून बघत, एखादा बोट लावी, रंग बदलला की हसून हात मागे घेई. सर माझ्याकडे बघून भुवया उडवत: बघ, म्हटलं नव्हतं?

मग एक बाई आल्या. साठीच्या, अंगाने काटक, नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत दुसऱ्या मांडवांतून गोळा केलेली पत्रकं. त्यांच्याबरोबरचे लोक त्यांना छबूबाई म्हणत होते. त्यांनी आधी पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग पुढे आल्या.

“वाचून दाव गं. चष्मा घरी ऱ्हायलाय.”

मी बटणं वाचून दाखवली. त्यांनी भारी दाबलं, बागायत, खरीप. मी उत्तर वाचलं.

“बाजरी? भारी रानात?” त्या म्हणाल्या. “बरं. परत लाव.”

हलकी, जिरायत, खरीप. बाजरी.

“ह्ये बराबर हाय. परत.”

मध्यम, बागायत, रब्बी. बाजरी. मागे कोणीतरी हसलं. छबूबाई हसल्या नाहीत. मी तोपर्यंत लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीची इतक्या शिस्तीत तपासणी कोणी केली नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, आणि उत्तर हलतंय का बघायचं. हे आम्हाला तंत्रनिकेतनात शिकवायला एक पूर्ण सत्र लागलं होतं आणि अर्ध्या वर्गाला तरी आलं नव्हतं.

“त्ये खालचं काय हाय?”

“चिबड,” मी म्हणाले.

“हां. दाब.”

मी दाबलं. पडद्यावर हिरवंगार कणीस डोललं आणि खाली अक्षरं आली. मागचा एक माणूस मोठ्याने वाचायला लागला, “चिबड जमिनीसाठी खास...” आणि पुढचं त्याला वाचवेना. तो हसत सुटला. त्याच्याबरोबर दहाबारा जण.

“चिबडात बाजरी!” छबूबाई म्हणाल्या. “माझं दीड एकर चिबडलंय. तिथं लव्हाळा सोडून काय येत न्हाई. ह्या मशिनीच्या बापानं पेरली हुती का कुटं?”

गर्दी वाढली. लोक आता मुद्दाम पुढे येऊन बटणं दाबायला लागले आणि प्रत्येक वेळी सगळे मिळून ओरडायचे, “बाजरी!” एकाने विचारलं, पोरीचं लग्न जमत नाही, कुठलं बटण दाबू? सगळे म्हणाले, “बाजरी!” हा गोंधळ ऐकून सर वळले.

“काय झालं? मशीन तापलं असेल,” ते पुढे येत म्हणाले. मग कोणीतरी काय झालं ते सांगितलं, आणि सरांनी क्षणाचाही वेळ न लावता माझ्याकडे बोट केलं. “ही नवीन मुलगी आहे. टायपिंगच्या चुका करते. काय करणार, सवलतीत पास झालेली मुलं येतात आमच्याकडे.”

सत्तारभाई स्टॅबिलायझरजवळून उठले, तेवढंच.

छबूबाईंनी सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सोडून दिलं. मला म्हणाल्या, “तू लिवलंस ह्ये?”

“व्हय.”

“चुकून?”

“न्हाई.”

“म्हंजे चिबडात बाजरी येत न्हाई, ह्ये तुला म्हाईत हुतं.”

“म्हाईत हुतं.”

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मग ह्यो तुज्यापरास बरा,” त्या सरांकडे हनुवटी करत म्हणाल्या. “ह्याला काय कळतच न्हाई. तुला समदं कळून तू बसलीस.” आणि त्या शेजारच्या मांडवात ठिबकच्या नळ्या बघायला गेल्या.

मला रडू आलं असं नाही. राग आला, तोही त्यांचाच. कोण ही बाई, हिला काय माहीत नोकरी म्हणजे काय, असं सगळं मनात येऊन गेलं. त्या गर्दीत मला सगळ्यांचाच तिटकारा आला: सफारीचा, हसणाऱ्यांचा, डोलणाऱ्या कणसाचा. आणि मग, कोणाकडेही बघितलं तरी शेवटी ज्यांच्यापाशी येऊन थांबावं लागतं, त्या माझ्या स्वतःच्या दोन हातांचा.

साडेबाराला शेठजींचा माणूस आला आणि सरांना जेवायला घेऊन गेला. विश्रामगृहावर पुढाऱ्यांची पंगत होती. सर जाताना म्हणाले, “बंद ठेव मशीन, मी आल्यावर बघू.”

ते गेल्यावर मी सत्तारभाईंना म्हटलं, “खणाची किल्ली द्या.”

त्यांनी दिली. मशीनला पांढरी चादर लावली आणि स्वतः चादरीपुढे स्टूल टाकून बसले. कोणी आलं की म्हणत, “काम चालू आहे. तासाने या.”

आत उकडून जीव जात होता. मी ती एक ओळ काढली. सोपं होतं, अर्ध्या मिनिटाचंच. मग तक्त्यातल्या चोवीस उत्तरांपैकी ज्यांचं बियाणं शेठजींकडे नव्हतं ती शोधली आणि प्रत्येकाखाली एक वाक्य घातलं: ‘हे बियाणे आमच्याकडे मिळत नाही.’ चिबडाखाली लिहिलं: ‘आधी चर काढून पाणी बाहेर काढा. हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडा. तोवर कोणतेही महागडे बियाणे घेऊ नका.’ घामाची बोटं कीबोर्डवरून घसरत होती. दीडला मी चोवीसच्या चोवीस वाटा चालवून पाहिल्या, छबूबाईंच्या पद्धतीने, एका वेळी एक गोष्ट बदलत. मग चादर काढायला सांगितली.

सकाळची टिंगल मांडवामांडवात पोचलेली होती, त्यामुळे लोक ‘बाजरी’ ओरडायलाच आले. पहिल्याने भारी-बागायत-खरीप दाबलं, सगळ्यांनी तोंड उघडलं आणि उत्तर आलं कपाशी, खाली ‘हे बियाणे आमच्याकडे मिळत नाही.’ कोणी ओरडलं नाही. एक म्हातारा पुढे झाला, त्याने आपलं रान सांगितलं आणि उत्तर दोनदा वाचून घेतलं. त्याच्या मागचा थांबला. त्याच्या मागचाही. तीन वाजता मांडवाबाहेर रांग होती. उन्हात, टोप्या घालून, उपरणी डोक्यावर घेऊन माणसं उभी होती. काही जण पत्रकाच्या पाठीवर उत्तर लिहून घेत होते. चिबडवाले पंचवीसेक तरी निघाले. ते एकमेकांना ओळखत नव्हते. रांगेत उभ्या-उभ्या चरांवर बोलू लागले.

सर आणि शेठजी चारला आले. लांबूनच रांग पाहिली आणि शेठजींचा चेहरा उजळला. “अरे वा, के. नाथ! संपूर्ण प्रदर्शन आपल्या मांडवात!” सरांनी सफारीची कॉलर नीट केली. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला बोलावलं गेलं. दोघं मशीनच्या दोन बाजूंना, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या मधल्या पडद्यावर त्या वेळी काय होतं, ते मला दिसत होतं. ‘हे बियाणे आमच्याकडे मिळत नाही.’ दोघांनीही वळून पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. अडीच दिवस शेठजींचं मशीन शेठजींच्या मांडवात शेठजींचंच बियाणं नको म्हणत होतं, आणि शेठजी गर्दी मोजत होते.

हलक्या रानाच्या काही लोकांनी बाजरी घेतली. मशीनने ती त्यांना सांगितली होती, खरी सांगितली होती. बाकी पिशव्या टेम्पोतून आल्या तशा परत गेल्या.

मी तीन दिवस वाटेवर लक्ष ठेवून होते. छबूबाई परत आल्या नाहीत.

नगरला आल्यावर सरांनी मला बोलावलं. टेबलावर बातमीचं कात्रण होतं. फोटोत शेठजी, सर, रांग, आणि कडेला कपाटामागून दिसणारं माझं कोपर.

“शेठजींनी आणखी चार मशीनं सांगितलीत,” सर म्हणाले. “जुन्नरपासून जामखेडपर्यंत फिरवणार. काम सुरू कर.”

“सर, सोनईला दुपारनंतर प्रोग्रॅम मी बदलला होता. मशीन लोकांना खरं सांगत होतं. बहुतेकांना ते सांगत होतं, की आमचं बियाणं घेऊ नका.”

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल, असं मला वाटलं होतं. रागासाठी मी तयारी करून गेले होते. पण ते विचार करत होते.

“शेठजींनी वाचलं?”

“नाही.”

“दुसऱ्या कोणी त्यांना सांगितलं?”

“नाही.”

“मग झालं तर.” ते खुर्चीत मागे रेलले. “नव्या मशिनांवर आधीचंच टाक. काहीही दाबलं तरी सूर्या-अकरा. आणि कणीस जरा मोठं कर.”

“सर, रांग कशामुळे लागली, हे तुम्हाला कळलं का?”

“रांग मशीनमुळे लागते,” सर म्हणाले. “लोकांना नवलाई असते.”

त्या माणसाचा मी वर्षभर मनापासून द्वेष केला होता. त्या क्षणी तोही गेला. द्वेष करायला समोर काहीतरी लागतं. मी म्हणाले, “मी हे लिहिणार नाही. मी उद्यापासून येत नाही.”

“तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील.”

“मिळतील,” मी म्हणाले. खरंच होतं ते. महिन्याभरात मिळालीही एक. चार मशीनं फिरली, चारही बाजरी सांगत. सत्तारभाईंनी ती जोडायला नकार दिला, तेव्हा जोडणाराही दुसरा मिळाला. पुढच्या वर्षी व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने सरांचा होतकरू उद्योजक म्हणून सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि माझ्या कल्पनेवर वीस मिनिटांचं भाषण.

मी पुण्याला आले. मुलाखतीला ते कात्रण नेलं होतं, दुसरं दाखवायला काही नव्हतं. समोरच्या साहेबांनी फोटोकडे पाहून विचारलं, “एवढी रांग?” आणि मला घेतलं. रांग कशासाठी होती, हे त्यांनीही विचारलं नाही.

आता नव्व्याण्णव संपत आलंय. आमची कंपनी मोबाईल फोनच्या पडद्यावर दिसणारी पानं करते, परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी. चार ओळी मावतात. त्यातली जास्त पानं जाहिरातींचीच. माणसाला निवड दिल्यासारखं करायचं आणि गिऱ्हाइकाच्या दुकानात आणून सोडायचं. इथले साहेब हे फार सुंदर इंग्रजीत सांगतात, सफारी घालत नाहीत, आणि माझं आडनाव एकदाच उच्चारतात. मी आता पहिल्या दिवशीच नाही म्हणते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाट बघत नाही. त्यामुळे माझं नाव कटकटी असं पडलंय आणि दीड वर्षात मला तीनदा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलवलंय.

सध्या माझ्याकडे कुठल्याशा लांबच्या देशातल्या एका छोट्या रेल्वेचं वेळापत्रक आहे. गाडी किती वाजता येते आणि किती वाजता सुटते, एवढंच. त्यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून ते काम कोणी मागत नव्हतं. मी मागून घेतलं.